गोचीड काढणे आणि तपासून घेणे: दोडामार्गातील एक अनुभव

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आमच्या दोडामार्ग तालुक्यात काजू वेचण्याचे दिवस आणि गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या माकडतापाचे दिवस एकच असतात. फेब्रुवारीपासून बोंडू गळू लागतात, मार्च-एप्रिलमध्ये घरातली सगळी माणसे सकाळीच बागेत उतरतात, आणि नेमक्या याच काळात गोचिडीची लहान पिल्ले पातेऱ्यात, म्हणजे झाडांखाली साचलेल्या सुक्या पानांत, सर्वांत जास्त असतात. पावसाळा सुरू झाला की ती कमी होतात, पण तोपर्यंत काजूचा हंगामही संपलेला असतो. त्यामुळे गोचीड टाळण्यासाठी बागेतच जाऊ नका, असा सल्ला आमच्याकडे कोणी गंभीरपणे देऊ शकत नाही. वर्षाचे उत्पन्न त्या थोड्या महिन्यांत उभे राहते. बागेत जायचेच आहे आणि केव्हातरी गोचीड लागणार आहे, तर ती अंगावरून कशी काढायची, काढलेल्या गोचिडीचे काय करायचे आणि तिची तपासणी होते म्हणजे नेमके काय होते, हे गेल्या हंगामात मला क्रमाक्रमाने अनुभवावे लागले. ते सविस्तर लिहून ठेवावेसे वाटले, कारण आमच्या भागात याविषयी तोंडोतोंडी फिरणाऱ्या माहितीतली बरीचशी अपायकारक आहे.

ज्याला आम्ही माकडताप म्हणतो त्याचे वैद्यकीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये माकडे मरू लागली, आसपासच्या गावांतील माणसांनाही तीव्र ताप येऊ लागला, आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्यामागचा विषाणू शोधून काढला. तीच संस्था आज राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. पुढची अनेक दशके हा कर्नाटकाच्या घाटभागातलाच आजार समजला जात होता. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील पाली गावात आढळला आणि २०१६ च्या सुरुवातीला आमच्या तालुक्यातील केर गावात; त्यानंतर बांदा परिसरातही रुग्ण सापडले. लाल तोंडाची माकडे आणि काळ्या तोंडाची वानरे या विषाणूने मरतात, मेलेल्या शरीरावरच्या गोचिडी उपाशी राहू नये म्हणून खाली उतरतात, आणि मग ती जागा पुढे कित्येक दिवस धोक्याची ठरते. एका माणसापासून दुसऱ्या माणसाला हा ताप होत नाही. लागण झालेल्यांपैकी साधारण ३ ते ५ टक्के रुग्ण दगावतात, आणि या विषाणूवर थेट लागू पडणारे औषध अजून उपलब्ध नाही. म्हणून गोचीड चावण्यापासून बचाव करणे आणि ताप आलाच तर वेळेवर रुग्णालय गाठणे, एवढ्याच गोष्टी आपल्या हातात उरतात.

आमची बाग तिळारीच्या बाजूच्या उतारावर आहे आणि तिच्या वरच्या कडेला जंगल लागते. बागेतून परतल्यावर अंगावरचे कपडे पडवीबाहेरच उतरवून कढत पाण्यात टाकायचे, आंघोळ करायची आणि एकमेकांचे अंग उजेडात पाहायचे, असा आमच्या घरचा शिरस्ता आहे. काखा, कमरेचा पट्टा, जांघा, गुडघ्याची मागची बाजू, कानामागचा भाग आणि केसांची कड या जागा गोचिडीला विशेष आवडतात, कारण तिथली कातडी पातळ असते आणि हात सहज पोचत नाही. त्या संध्याकाळी आंघोळीच्या वेळी माझ्या डाव्या गुडघ्यामागे काहीतरी बारीक, खरबरीत हाताला लागले. खाज नव्हती, दुखतही नव्हते. गोचिडीच्या लाळेत चावा जाणवू न देणारे आणि रक्त गोठू न देणारे घटक असतात, म्हणून ती अंगावर तासन्‌तास, वेळप्रसंगी काही दिवस राहते आणि तरीही माणसाला पत्ता लागत नाही.

माझ्या लेकीने विजेरीच्या उजेडात भिंग धरून पाहिले. तिळाहूनही लहान, तपकिरी रंगाची, आठ पायांची गोचीड होती. गुरांच्या कानात दिसते तशी फुगलेली राखाडी गोचीड सर्वांच्या ओळखीची असते, पण माणसाला माकडताप देणारी बहुतेक वेळा हीच मधल्या वयाची, नजरेतून सुटणारी गोचीड असते. तिचे पाय आणि पोट बाहेर दिसत होते, तोंड कातडीत रुतलेले होते आणि भोवती लालसर कडे उमटू लागले होते.

सासूबाई म्हणाल्या, "रॉकेल लाव, आपणच सुटतली." त्यांच्या पिढीने गुरांच्या आणि माणसांच्या गोचिडी अशाच काढल्या. कोणी चुना लावतात, कोणी तंबाखूचे पाणी, कोणी पेटलेल्या उदबत्तीचे टोक टेकवतात. यांपैकी काहीही करू नये. गोचिडीच्या तोंडाच्या सोंडेवर मागे वळलेले बारीक दाते असतात, आणि ती सिमेंटसारखा घट्ट होणारा स्राव सोडून स्वतःला कातडीत पक्की बसवून घेते. त्यामुळे मनात आले तरी तिला चटकन सुटता येत नाही. रॉकेलने गुदमरवली किंवा चटका दिला तर तिच्या लाळेतला आणि पोटातला द्रव जखमेत उतरण्याची भीती असते, आणि जंतू असलाच तर तो त्या द्रवातच असतो. शिवाय ती सुटेल म्हणून वाट पाहण्यात जो वेळ जातो, तेवढा वेळ ती अंगावर राहते. हे मी सासूबाईंना तिथल्या तिथे समजावून सांगितले आणि त्यांनी ते ऐकून घेतले. काढण्याचे काम लेकीने करावे असे ठरले, कारण स्वतःच्या गुडघ्यामागे स्वतःचा हात नीट चालत नाही.

त्यासाठी चिमटा बारीक आणि टोकदार हवा. भुवयांसाठी मिळणारा रुंद, चपट्या तोंडाचा चिमटा एवढ्या लहान गोचिडीचे पोटच पकडतो आणि पोट दाबले की आतला द्रव पुढे ढकलला जातो. आमच्याकडे पायातला काटा काढण्यासाठी ठेवलेला बारीक टोकाचा चिमटा होता, तो लेकीने स्पिरिटने पुसून घेतला आणि हातावर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी चढवली, कारण रबरी हातमोजे घरात नव्हते. तिने चिमट्याची टोके कातडीला अगदी टेकवून, गोचिडीचे पोट मोकळे ठेवून, फक्त तोंडाचा भाग पकडला आणि सरळ वरच्या दिशेने सावकाश, एकसारख्या जोराने ओढायला सुरुवात केली. पिळायचे नाही, हिसका द्यायचा नाही. कातडी छोट्या तंबूसारखी वर उचलली गेली आणि काही क्षण काहीच झाले नाही. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि ते झटका देतात; मग धड हातात येते आणि तोंड आत राहते. लेकीने जोर वाढवला नाही आणि कमीही केला नाही, तसाच धरून ठेवला. थोड्या वेळाने गोचिडीची पकड आपोआप सैल झाली आणि ती अखंड बाहेर आली. भिंगातून पाहिले तर तिच्या तोंडाशी कातडीचा पांढरा कण चिकटलेला होता आणि पाय हलत होते.

जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुतली, वर स्पिरिट लावले, चिमटाही स्पिरिटने पुसला आणि दोघींनी हात धुतले. तोंडाचा तुकडा आत राहिलाच तर तो चिमट्याने सहज निघत असेल तेवढा काढावा, नाहीतर तसाच सोडावा. कातडी भरून येताना तो आपोआप बाहेर टाकते. सुईने कोरून काढण्याच्या नादात जखम चिघळल्याची उदाहरणे आमच्या वाडीतच आहेत. चिमटा जवळ नसेल तर तो शोधण्यात वेळ घालवू नये. बोटांवर रुमाल किंवा कागद घेऊन, शक्य तितके कातडीजवळ धरून, गोचीड काढून टाकणे चांगले. उघड्या बोटांनी मात्र धरू नये, आणि काढलेली गोचीड नखावर चिरडणे तर कटाक्षाने टाळावे. आमच्या बागेत कामाला येणाऱ्या एका गड्याच्या पोटरीवर त्याच आठवड्यात मोहरीपेक्षाही बारीक अशी नुकती अंड्यातून निघालेली पिल्ले शेकड्यांनी चढली होती. ती एकेक करून काढणे शक्यच नव्हते. पण ती नुकतीच चढलेली होती, रुतलेली नव्हती, म्हणून पार्सलवर लावतात ती रुंद चिकटपट्टी पोटरीवर दाबून उचलली. बरीचशी पट्टीवरच आली, उरलेली साबणाच्या फेसाने घासून काढली आणि पट्टी दुमडून जाळून टाकली.

आता काढलेल्या गोचिडीविषयी. आदल्या वर्षी उपकेंद्रात झालेल्या एका बैठकीत आरोग्यसेवकांनी सांगितले होते की गोचीड कोणत्या जातीची आहे एवढेच पाहायचे असेल तर ती स्पिरिटमध्ये बुडवून ठेवली तरी चालते, पण तिच्यात विषाणू आहे का हे पाहायचे असेल तर ती जिवंत किंवा गोठवलेली पोचणे चांगले. माकडतापाच्या विषाणूचा जनुकीय धागा नाजूक असतो आणि उन्हात, उष्णतेत, मेलेल्या गोचिडीत तो लवकर तुटतो. म्हणून आम्ही औषधाची रिकामी, धुऊन वाळवलेली बाटली घेतली, तळाशी किंचित ओलसर कापूस ठेवला, गोचीड आत टाकून झाकण घट्ट लावले आणि त्यावर चिकटपट्टी गुंडाळली. कापूस ओलसर हवा, ओलाचिंब नव्हे, नाहीतर गोचीड पाण्यात बुडून मरते. बाटलीवर कागद चिकटवून तारीख, बागेतला कोणता भाग, शरीरावरची जागा आणि ती अंदाजे किती तास चिकटलेली असावी हे लिहिले. बाटलीत टाकण्यापूर्वी मोजपट्टीशेजारी ठेवून तिचा मोबाईलवर फोटो काढला होता, तो पुढे फार उपयोगी पडला. बाटली डब्यात घालून शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात, अन्नापासून वेगळी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताईंना बरोबर घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. माझी समजूत अशी होती की बाटली दिली की काही दिवसांत गोचिडीचा अहवाल येईल आणि त्यावरून मला धोका आहे की नाही ते ठरेल. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी गर्दी असूनही मला बसवून घेतले आणि ही गोष्ट नीट उलगडून सांगितली. गोचिडीत विषाणू सापडला तरी तो माझ्या शरीरात गेलाच असे होत नाही. गोचिडीत सापडला नाही तरी मी निर्धास्त होऊ शकत नाही, कारण दिसलेली गोचीड एक आणि न दिसता चावून गळून पडलेल्या कदाचित आणखी काही. आणि अहवालाची वाट पाहत बसले तर तो येण्याआधीच आजार पुढे गेलेला असू शकतो. "तुमचे उपचार तुमच्या तापावर आणि तुमच्या रक्तावर ठरतील, गोचिडीवर नाही," असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मला काही होत नसताना माझे रक्त तपासण्यातही अर्थ नव्हता. गोचीड चावल्यानंतर साधारण ३ ते ८ दिवसांत ताप येतो, म्हणून दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ तापमान लिहून ठेवायचे. थंडी वाजून जोराचा ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, पोटऱ्या आणि पाठ असह्य दुखणे, डोळे लाल होणे, उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी यायचे. अंग दुखते म्हणून ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारखी गोळी मनाने घ्यायची नाही, कारण या तापात रक्तातील प्लेटलेट कमी होतात आणि अशा गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. लागलीच तर पॅरासिटामॉल घ्यायची. ही सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण आमच्याकडे अंग दुखले की किराणा दुकानातून सुटी गोळी आणून घेणे ही रोजची गोष्ट आहे.

मग गोचिडीचे काय, असे मी विचारले. ती त्यांनी नाकारली नाही. माझ्या उपचारासाठी तिचा उपयोग नसला तरी आमच्या बागेत कोणत्या जातीची गोचीड आहे आणि तिच्यात विषाणू फिरतो आहे का, हे कळण्यासाठी ती हवीच होती. त्यांनी नोंदवहीत माझे नाव आणि बागेचे ठिकाण लिहिले, बाटलीवर क्रमांक घातला आणि कीटक सर्वेक्षण करणाऱ्या पथकाला बागेत पाठवतो असे सांगितले.

याच सुमारास माझ्या भाचीशी फोनवर बोलणे झाले. ती अमेरिकेतील कनेटिकट राज्यात राहते. तिथे लाइम नावाचा जिवाणूजन्य आजार हरणांवरच्या काळ्या पायांच्या गोचिडीमुळे होतो, आणि न्यू हेवन येथील राज्याच्या कृषी प्रयोग केंद्रात नागरिकांनी पाठवलेल्या गोचिडी तपासल्या जातात. तिनेही एकदा मुलाच्या मानेवरची गोचीड अशीच पाठवली होती. इतकी सोय असूनही तिच्या मुलाच्या डॉक्टरांनी तिला जे सांगितले ते आमच्या आरोग्य केंद्रातल्या सल्ल्याशी तंतोतंत जुळणारे होते: गोचिडीच्या अहवालावरून औषध ठरवायचे नाही. एक फरक मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. लाइमचा जिवाणू गोचिडीच्या पोटातून लाळेपर्यंत यायला बहुधा एका दिवसाहून अधिक वेळ लागतो, त्यामुळे गोचीड लवकर काढली तर तो आजार बव्हंशी टळतो; आणि गोचीड ३६ तासांहून अधिक चिकटून राहिली असेल तर ती काढल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लीनची एक मात्रा देण्याची तिथे पद्धत आहे. माकडताप विषाणूमुळे होत असल्याने प्रतिजैविक त्याला आधीच थोपवू शकत नाही. समाजमाध्यमांवर तिकडचे सल्ले वाचून इकडे आधीच गोळी घेऊन ठेवणाऱ्यांनी हा भेद समजून घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पथक आले तेव्हा मी मुद्दाम त्यांच्याबरोबर बाग फिरले. सर्वांनी पायजम्याची टोके मोज्यांत खोचली होती आणि हातापायांना डेपा तेल लावले होते. हे कीटकांना दूर ठेवणारे औषध ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेने विकसित केले आहे आणि आमच्याकडे हंगामात आरोग्य खात्यामार्फत मिळते. साधारण मीटरभर लांबी-रुंदीचे पांढरे फ्लॅनेलचे कापड काठीला बांधून ते पातेऱ्यावरून आणि खालच्या झुडपांवरून हळूहळू ओढत होते. जाणाऱ्या जनावराचा केस समजून गोचिडी त्या लवेला धरतात. काही पावले चालले की थांबायचे, कापड उलटून पाहायचे, आणि पांढऱ्यावर हलणारा प्रत्येक ठिपका चिमट्याने उचलून काचेच्या नळीत टाकायचा. ज्या आंब्याखाली आम्ही दुपारचे जेवण घेतो आणि पातेऱ्यावरच बसतो, तिथल्या कापडावर सर्वांत जास्त गोचिडी निघाल्या. त्याच वाटेने गुरे पाण्याला जातात. जातीची ओळख भिंगाखाली पटते. माझ्या बाटलीतली आणि कापडावरच्या बऱ्याचशा गोचिडी हिमाफायसॅलिस प्रजातीतल्या होत्या, आणि माकडतापाचा मुख्य वाहक याच प्रजातीतला आहे. प्रयोगशाळेत त्या एकेकटी तपासत नाहीत. एका जातीच्या, एका वयाच्या, एका ठिकाणच्या गोचिडी एकत्र करून, त्या कुटून, त्या गटाचा आरटी-पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय धागा शोधणारी चाचणी, केला जातो. म्हणजे अहवाल येतो तो जागेचा. कोणा एका माणसाला चावलेल्या गोचिडीचा नव्हे.

मला ताप आला नाही. ताप आला तो आमच्या भाऊजींना. ते रोज बागेत असायचे आणि त्यांच्या अंगावर गोचीड सापडलीच नव्हती. ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाल्यावर त्यांना त्याच दिवशी आरोग्य केंद्रात नेले. बागेत गोचिडी सापडल्याची नोंद तिथे होतीच, त्यामुळे कोणालाही काही पटवावे लागले नाही आणि वेळ वाचला, हा बाटली जमा केल्याचा पहिला खरा फायदा. ताप आल्यापासूनच्या पहिल्या आठवड्यात विषाणू रक्तात थेट सापडू शकतो म्हणून आरटी-पीसीआर करतात. त्यानंतर प्रतिपिंडे शोधण्याची एलायझा चाचणी जास्त भरवशाची ठरते. त्यांचे रक्त घेऊन, एकात एक अशा तीन आवरणांत बंद करून, बर्फाच्या पेटीतून पुण्याला रवाना झाले. मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टोच्या तपासण्याही त्याच वेळी केल्या.

पण पुण्याचा अहवाल येण्याआधीच भाऊजींच्या मनगटांवर आणि घोट्यांवर लालसर पुरळ उठला आणि तो तळहात-तळपायांपर्यंत पसरला. डॉक्टरांनी तो पाहिला आणि सांगितले की ही लक्षणे रिकेट्सिया गटाच्या जिवाणूची वाटतात. तो आजारही गोचिडीमुळेच होतो, पण त्याला डॉक्सिसायक्लीन उत्तम लागू पडते आणि ती देण्यास उशीर करणे घातक ठरू शकते. त्यांनी कोणत्याही अहवालाची वाट न पाहता औषध सुरू केले. दोनेक दिवसांत ताप उतरला. पुढे पुण्याहून माकडताप नसल्याचा निष्कर्ष आला, आणि बागेतल्या गोचिडींच्या गटांतही माकडतापाचा विषाणू आढळला नसल्याचे फार उशिरा, आम्ही पुनःपुन्हा चौकशी केल्यावर, कळले.

या क्रमाकडे लक्ष द्यावे असे मला वाटते. गोचिडींची तपासणी एकाच विषाणूसाठी झाली होती. तो अहवाल आधी हातात पडला असता आणि त्यावर आम्ही विसंबलो असतो, तर बागेतल्या गोचिडी स्वच्छ आहेत म्हणून भाऊजींचा ताप अंगावर काढला गेला असता. प्रत्यक्षात त्यांना गोचिडीनेच दिलेला, पण वेगळा आजार होता. तपासणीत जे शोधले जाते तेवढेच सापडते. म्हणून गोचीड चावल्याची किंवा बागेत गेल्याची गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगणे, पुरळ दिसतो का ते रोज अंग उघडून पाहणे आणि तापाचा पहिला दिवस लिहून ठेवणे, या गोष्टी कोणत्याही अहवालापेक्षा आधी उपयोगी पडतात. माकडतापात काही रुग्णांना ताप उतरल्यावर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा येतो आणि त्या वेळी मान ताठ होणे, हात थरथरणे, भ्रम होणे अशी मेंदूशी संबंधित लक्षणे दिसतात, हेही रुग्णाच्या घरच्यांना माहीत असायला हवे. ताप गेला म्हणून वही बंद करू नये.

बागेपुरते आम्ही काही बदल केले. आंब्याखाली बसणे बंद केले आणि मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपटाच्या, शेणाने सारवलेल्या अंगणात जेवू लागलो. बागेतला पातेरा घरी आणून गोठ्यात गुरांखाली पसरण्याची पद्धत सोडली, कारण त्याबरोबर गोचिडी थेट घरात येतात. पशुवैद्यकांनी गुरांना गोचिडीचे औषध टोचले आणि त्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत दूध वापरले नाही. मेलेले माकड दिसले तर त्याच्याजवळ न जाता वन खात्याला आणि आरोग्य केंद्राला कळवायचे, हे वाडीतल्या मुलांनाही पाठ झाले आहे. तिथे भोवतीच्या जागेवर कीटकनाशक भुकटी मारली जाते. डेपा तेल लावायला मात्र अजूनही अनेकांना कंटाळा येतो, घामाने ते जाते आणि पुन्हा लावावे लागते म्हणून. त्यावर सांगत राहण्याखेरीज दुसरा उपाय मला दिसत नाही.

पावसाआधीच्या ग्रामसभेत आम्ही दोन मागण्या लिहून दिल्या. हंगामात प्रत्येक वाडीतील आशाताईंकडे बारीक टोकाचा चिमटा, हातमोजे आणि झाकणाच्या बाटल्या असाव्यात, ही पहिली. ग्रामपंचायतीने ती आपल्या निधीतून मान्य केली आणि साहित्य आलेही. गावातून नेलेल्या गोचिडींचा अहवाल, तो कोणत्या जंतूसाठी केला याच्या स्पष्ट उल्लेखासह, ठरावीक मुदतीत गावाला लेखी कळवावा, ही दुसरी. तिचा ठराव झाला आहे आणि तो संबंधित कार्यालयाकडे गेला आहे. उत्तर अजून आलेले नाही. पुढच्या हंगामात बी गळायला लागण्यापूर्वी ते मिळावे यासाठी आमचा पाठपुरावा चालू आहे.